ओठांवरचे पासवर्ड

आमच्या खोलीत कायम कुणीतरी झोपलेलं असे. आबा, म्हणजे माझे वडील, सुरतला लूमवर होते, कापडाच्या यंत्रमागावर. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्यांच्यासोबत माझे धाकटे काका आणि गावाकडचे एक लांबचे मामा राहत, आणि त्या दोघांची पाळी आबांच्या उलट असे. एक जण डबा घेऊन बाहेर पडला की त्याच्याच गोधडीवर दुसरा येऊन आडवा होई. पर्वत पाटियाला आमच्या चाळीबाहेर दिवसभर टेम्पो, कापडाच्या गाठी, हमालांच्या हाका, भांड्यांवर भांडी. आत मात्र झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून आम्ही आवाजाशिवाय बोलायचो. नुसत्या ओठांनी. ही विद्या आबांनी कारखान्यातून आणली होती. शंभरेक लूम एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो, म्हणून तिथले कारागीर एकमेकांचे ओठ वाचतात. या टोकाचा त्या टोकाच्याला विचारतो, चहा आला का, आणि तो तिकडून सांगतो, नाही, आणि वर शेटला एक शिवीही घालतो, तीही बरोबर पोचते.

मायने हे आबांकडून उचललं आणि आमच्याकडून घोटून घेतलं. मी बारावीपर्यंत दोंडाईच्याला सख्ख्या मामांकडे शिकले. सुट्टीत सुरतला आले की पहिले दोन दिवस मला काही कळायचं नाही, मग कळू लागायचं. चुलीपाशी बसून माय मान वर करायची आणि ओठ हलवायची, "भाकर खाई ले." ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर पातोड्यांची भाजी, आणि खोलीभर शांतता. तिच्या रागावण्यालाही आवाज नव्हता. एखादा पाहुणा आला तर त्याला वाटे, या घरात भांडण झालेलं दिसतंय. खरं तर त्याच वेळी आम्ही त्याच्याच टोपीवरून हसत असायचो. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात, क आणि ग तर दिसतच नाहीत, तरी माणूस कशाबद्दल बोलतोय हे माहीत असलं की उरलेलं आपोआप भरलं जातं. आता पन्नाशी ओलांडल्यावरसुद्धा माझी ही खोड गेलेली नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पलीकडच्या कोपऱ्यात कुणी जेवणाला नावं ठेवत असलं तर ते मला कळतं, आणि मी मान खाली घालून जेवत राहते.

कॉलेजसाठी मी सुरतलाच आले आणि दुसऱ्या वर्षाला असताना जयंतभाईंच्या क्लासमध्ये मला जागा मिळाली. जागा म्हणजे असं, की दुपारच्या बॅचवर लक्ष ठेवायचं आणि त्या बदल्यात स्वतः शिकायचं. जयंतभाई आधी टाइपरायटर दुरुस्त करत. पर्वत पाटियाच्या चौकात, दुसऱ्या मजल्यावर, खाली दाताच्या डॉक्टर मीनाबेनचा दवाखाना आणि वर हा कॉम्प्युटरचा क्लास. पायरीवर चपला काढायच्या, आत पाय पुसून जायचं, मशीनवरची मलमलची झाकणं घडी करून ठेवायची. आमच्या घराण्यात मी कॉलेजची पायरी चढणारी पहिली. कॉम्प्युटरला हात लावताना मी पहिले काही दिवस मनात नमस्कार करत असे. जयंतभाईंच्या ते लक्षात आलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, नमस्कार करून झाला असेल तर चालू पण कर." त्या माणसाचं ऋण मी इथे लिहून फिटणारं नाही. ते गुजरातीत बोलत, मी मोडक्या गुजरातीत उत्तर देई. इथे मी सगळ्यांचं बोलणं बहुतेक मराठीतच लिहिते आहे, पण वाचताना त्याला सुरती ठसका लावून घ्यावा.

एके दिवशी जयंतभाईंनी टेलिफोनच्या तारेला एक चपटी डबी जोडली. मोडेम. ती शिट्टी मारी, खरखर करी, घसा खाकरल्यासारखं करी, आणि मग अडाजणमधल्या कुणाच्या तरी घरचा कॉम्प्युटर आमच्या कॉम्प्युटरशी जोडला जाई. जयंतभाईंनी त्यावर एक फळा सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'तापी चौक'. ज्याच्याकडे मशीन आणि मोडेम आहे त्याने घरून फोन लावायचा, ज्याच्याकडे नाही त्याने क्लासमध्ये येऊन आतल्या तारेवरून शिरायचं. एका वेळी एकच माणूस. आपलं नाव आणि पासवर्ड टाकायचा, चौकात सगळ्यांसाठी लिहायचं किंवा एखाद्याच्या पेटीत खासगी चिठ्ठी टाकायची, आणि पुढच्यासाठी बाहेर पडायचं. इंटरनेट हा शब्द आम्ही फक्त वर्तमानपत्रात वाचला होता. चौकात सगळं रोमन अक्षरांत, पण भाषा गुजराती, हिंदी, मराठी, जशी ज्याला येईल तशी. सुताचे भाव, क्रिकेट, कोडी, कुठे कुठली नोकरी आहे, कुणाला गाण्याची कॅसेट हवी आहे.

मी पहिल्यांदा लिहिलं ते एवढंच, की मी वंदना, पर्वत पाटियाची, इथे कुणी आहे का. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहते तर खाली उत्तरं. अडाजणमधल्या एका आजोबांनी लिहिलं होतं, "बधा छीए, आवो." सगळे आहोत, या. कुणीतरी मराठीत विचारलं होतं, पर्वत पाटियाला शेवभाजी कुठे चांगली मिळते. मी त्या माणसांना कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनी मला पाहिलं नव्हतं, आणि तरी ती मला या म्हणत होती. मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत घरी पळाले. दारात माय धुणं वाळत घालत होती, आत आबा झोपलेले. माझ्या आयुष्यातली तोवरची सगळ्यात मोठी बातमी मी आवाज न करता सांगितली. माय म्हणाली, तिच्याही ओठांनीच, "कोन शेतस त्या?" मी म्हटलं, कोण आहेत ते माहीत नाही. तिला त्याचं नवल वाटलं नाही. सुरतला आल्यावर पहिल्या वर्षी तिच्याशीही सगळे अनोळखीच बोलले होते.

भरत शेजारच्या लिंबायतचा, आमच्या ओळखीतला. माझ्याहून थोडा लहान, मला वंदाताई म्हणायचा. रात्री लूम चालवायचा, दुपारी थोडं झोपून क्लासला यायचा. डोळे लाल, केसांत कापसाचे तंतू, आणि बोटं अशी चालायची की जयंतभाई बघत उभे राहत. त्याच्या थोरल्या भावाने त्याला सांगून ठेवलं होतं, संक्रांतीपर्यंत तुझं कॉम्प्युटरचं काही होत असेल तर बघ, नाहीतर क्लास सोड आणि माझ्याबरोबर दिवसाच्या पाळीला ये. त्याच सुमारास चौकात पलसाण्याच्या एका डाइंगवाल्या, म्हणजे कापड रंगवण्याचा कारखाना असलेल्या, देसाईसाहेबांनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडे रंग मोजायला नवा कॉम्प्युटर आला आहे आणि तो चालवायला मुलगा पाहिजे, अर्ज पेटीत टाकावा. भरतने अर्ज टाकला. जयंतभाईंनी इंग्रजी तपासून दिलं. देसाईसाहेबांनी उत्तर दिलं, विचार करून याच पेटीत कळवतो. तेव्हापासून भरत रोज आल्या आल्या आधी पेटी बघायचा, मग पाणी प्यायचा.

आणि मग चौकात भुतं शिरली.

पहिलं भूत साधं होतं. दाताच्या डॉक्टर मीनाबेनच्या नावाने एका सकाळी संदेश आला, की रोज रात्री गूळ खाल्ल्याने दात मजबूत होतात. मीनाबेन जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, हे मी लिहिलेलं नाही. सगळे हसले. त्याही हसल्या, पण पुढचे काही दिवस पेशंट त्यांना गूळ कुठला घ्यायचा ते विचारत होते. दुसरं भूत मात्र हसमुखभाईंच्या अंगात आलं. हसमुखभाईंचं चौकाजवळ ड्रेस मटेरियलचं घाऊक दुकान. माणूस प्रेमळ, पण हात आखडता अशी ख्याती. एका शनिवारी त्यांच्या नावाने संदेश आला, "रविवारे सवारे मारी दुकाने आवजो. बधा सभ्योने लोचो मारा तरफथी." म्हणजे रविवारी सकाळी दुकानात या, सगळ्या सभासदांना माझ्यातर्फे लोचो, हा सुरतचा वाफवलेल्या चणाडाळीचा नाश्ता.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी गेले, जयंतभाई गेले, मीनाबेन दोन मुलांना घेऊन आल्या, अडाजणचे ते आजोबा रिक्षाने आले, ज्यांची नावं फक्त पडद्यावर पाहिली होती असे कितीतरी चेहरे आले. हसमुखभाई बिचारे रविवारच्या शांततेत गल्ल्यावर पेपर वाचत बसलेले. दारात एवढी माणसं पाहून ते उभे राहिले. आजोबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "हसमुखभाई, मोठं मन आहे तुमचं. चौकात वाचलं आणि म्हटलं, जायलाच पाहिजे." हसमुखभाईंच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं ते सगळं मी पाहिलं. पण सुरतच्या माणसाच्या दारात पाहुणा नाश्त्याच्या नावाने आला आणि तसाच गेला, हे होत नाही. त्यांनी पोऱ्याला पाठवलं. गरम लोचो आला, वर लोण्याचा गोळा, बारीक शेव, हिरवी चटणी, कांदा. गाठींवर बसून सगळ्यांनी खाल्लं. हसमुखभाईंनीही खाल्लं. भरत मागे कापडाच्या ठाणांना टेकून उभा होता आणि त्याची दुसरी प्लेट चालली होती. इतकी आनंदाची सकाळ त्या चौकाने पुढे पाहिली नाही. पाहुणे गेल्यावर हसमुखभाई जिना चढून क्लासमध्ये आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आ कोणे लख्युं? कोणी लिहिलं हे?"

जयंतभाईंनी एका मासिकात वाचलं होतं, याला हेकिंग म्हणतात. त्या दिवसापासून पर्वत पाटियाच्या त्या जिन्यावर हा एकच शब्द. कुणी म्हणे, अमेरिकेतून कुणीतरी येतं. कुणी म्हणे, मोडेममधून शिरतात. हसमुखभाईंचं म्हणणं, टेलिफोन खात्यातला माणूस असणार. पुढच्या रविवारी क्लासमध्ये सभा ठरली. सोमवारी हसमुखभाई नवा पासवर्ड टाकायला वर आले. दुकानातला त्यांचा फोन दिवसभर व्यापारी पार्ट्यांनी अडवलेला असे, म्हणून ते चौकात नेहमी आमच्याच मशीनवरून शिरत. मीनाबेनही तशाच, पेशंट नसला की वर येत. हसमुखभाई पडद्याला नाक लावून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. पडद्यावर नुसते तारे उमटत होते. आणि मला एकदम दिसलं, की हसमुखभाई टाइप करता करता बोलताहेत. आवाज नाही, पण ओठ प्रत्येक अक्षराला हलत होते. मुद्दाम नव्हे, सवयीने मी वाचलं. वाचून होताच मी घाईने नजर वळवली, तर खिडकीजवळच्या बाकावरून भरतही तेच ओठ बघत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनीही खाली पाहिलं.

जिन्यात मी त्याला गाठलं. "तूच ना?"

"वंदाताई, मी चोरी करी नही." त्याचा आवाज कारखान्यातला होता, मोठा. मी ओठांवर बोट ठेवलं. तेव्हा तो हळू बोलला. "त्यास्नी सांगं, मी ऐकं. समोर बसून सांगत होते. मी काय डोळे मिटून बसू?"

"ऐकलंस ते ठीक. लिहिलंस कशाला?"

तो हसला. "गुळाचं लिहिलं ते गंमत म्हणून. लोचोचं लिहिलं कारण भूक लागली होती." मग त्याचं हसू गेलं. "सांगशील का? चौकातून नाव पुसतील माझं. देसाईसाहेबांची चिठ्ठी पेटीतच येणार. पेटीच गेली तर?"

मी काही वचन दिलं नाही. घरी आले. आबा त्या आठवड्यात दिवसपाळीचे होते, संध्याकाळी हातपाय धुऊन भाकरीची वाट बघत बसले होते. मी त्यांना विचारलं, कारखान्यात एकाचं गुपित दुसऱ्याने ओठांवर वाचलं तर काय करतात. आबा लूमच्या आवाजाने कानाने मंद झाले होते, त्यामुळे जागे असले की सगळं खोलीभर ऐकू जाईल असं बोलत. ते म्हणाले, "काय करणार? नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो. आठे जे बोलशी ते समदासले दिसस, इथलं बोलणं सगळ्यांना दिसतं. एवढं सांगितलं की तो सांभाळतो."

"आणि न सांगता कुणी फसला तर?"

"मग न सांगणाऱ्याची चूक." त्यांनी भाकरी मोडली. "तू कोणाला फसवून आलीस?"

माय तव्यावरून न वळता म्हणाली, "ती नही. दुसरा कोन तरी शे. तिना चेहरा सांगस."

रविवारी क्लासमध्ये खुर्च्या कमी पडल्या. पोंकाचा, म्हणजे कोवळ्या ज्वारीच्या हुरड्याचा, हंगाम होता. जयंतभाईंनी वर्तमानपत्र अंथरून त्यावर हिरवागार पोंक, लिंबूमिऱ्याची शेव आणि साखरेचे दाणे ओतले, आणि मुठी भरभरून खात लोक भांडू लागले. हसमुखभाई म्हणाले, "मला नाव पाहिजे. नाव सांगा, नाव पुसा, गोष्ट खतम." मीनाबेन म्हणाल्या, एक नाव पुसून काय होणार, उद्या दुसरा येईल. त्यांचं म्हणणं, चौकात हा विषयच नको. कुणी हेकिंगबद्दल एक अक्षर लिहिलं तर त्याला बाहेर काढायचं, कारण मुलं वाचतात आणि वाचून शिकतात. आजोबा म्हणाले, "चोराबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं तर चोराइतकं खूश कोण होईल, बेन?" मागून कुणीतरी म्हणालं, क्लासच्या तारेवरून येणाऱ्यांनाच बंद करा, घरून फोन लावणारे सगळे सभ्य लोक आहेत. क्लासच्या तारेवरून येणारे म्हणजे कोण, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. लिंबायतचे, उधन्याचे, लूमवाल्यांचे, रेल्वेवाल्यांचे, आम्ही.

जयंतभाई मला म्हणाले, "वंदना, नियम लिहून घे."

मी उठले. मला असं वाटत होतं, की माझ्या हातात दिवा आहे आणि खोलीत अंधार आहे आणि बटण कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे. मी म्हटलं, "आधी एक दाखवायचंय. हसमुखभाई, तुम्ही आत्ता सगळ्यांसमोर पासवर्ड बदला. नवीन टाका, जो कुणालाच माहीत नाही. मी दारापाशी उभी राहते, पडदा आणि कळा मला दिसणार नाहीत."

हसमुखभाई संशयाने मशीनपाशी बसले. मी दारात गेले. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. एक बोट, एक अक्षर, एक ओठ. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "थई गयुं."

मी म्हटलं, "एस, एच, यू. त्याच्या पुढचं बी की पी ते दिसत नाही, पण शुभच असणार. मग लाभ. मग पांच, बे, पांच."

सगळे एकदम बोलू लागले. हसमुखभाई उभे राहिले. "तो पछी तूं ज! लोचो तूच लिहिलास." जयंतभाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मला अजून आठवतं. रागाचं नव्हतं, वाट बघण्याचं होतं. माझी कॉलेजनंतरची सगळी स्वप्नं त्या खोलीत होती, मलमलीच्या झाकणाखाली ठेवल्यासारखी. मी म्हटलं, "मी नाही लिहिलं."

"मग कोणी?"

"ते मी नाही सांगणार. मी एवढंच सांगते, की अमेरिकेतून कुणी आलेलं नाही. आपणच बोलतो. ज्याला दिसतं त्याला बाहेर काढलंत तरी आपले ओठ इथेच राहणार."

"हे उत्तर नाही," हसमुखभाई म्हणाले. "नाव सांग, नाहीतर तुझं नाव पुसू."

खिडकीजवळचा बाक करकरला. भरत उभा होता. "काका, मी. वंदाताई नव्हे."

हसमुखभाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्यांच्या तोंडून निघालं ते असं, "बे प्लेट खाधी तें. माझ्यासमोर उभा राहून." पहिल्यांदा आजोबा हसले, मग मीनाबेन, आणि मग हसमुखभाईंना स्वतःलाही ओठ आवरावे लागले. पण हसून विषय संपणार नव्हता. बराच वेळ वाद झाला. शेवटी जयंतभाईंनी हात वर केला. ते म्हणाले, दोन रस्ते आहेत. एक, भरतचं नाव आजच पुसायचं. दुसरा, भरतने चौकात, स्वतःच्या नावाने, सगळं लिहायचं. काय केलं आणि कसं केलं. म्हणजे पुढे कुणी फसणार नाही. हसमुखभाईंनी कुरकुर करत मान हलवली.

भरतने विचारलं, "देसाईसाहेब वाचतील ते?"

"सगळेच वाचतील," जयंतभाई म्हणाले.

नाव पुसलं तर पेटी गेली. लिहिलं तर पेटी राहील, पण जो माणूस त्याला आपल्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसवणार होता तोच माणूस वाचणार, की हा मुलगा दुसऱ्यांच्या नावात शिरतो. भरतने खोलीपलीकडून माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता विचारलं, काय करू. मी तसंच उत्तर दिलं, लिही.

मीनाबेन म्हणाल्या, "आत्ता तुम्ही दोघं काय बोललात?" आणि पुन्हा हशा पिकला.

त्याने तिथेच बसून लिहिलं. रोमन अक्षरांत, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. माझं नाव भरत. मी लूमवर काम करतो, तिथे आम्ही ओठ वाचतो. तुम्ही पासवर्ड टाकताना ओठ हलवता. मी डॉक्टरबेन आणि हसमुखभाई यांचे वाचले आणि त्यांच्या नावाने लिहिलं. ते करायला नको होतं. टाकताना तोंड मिटा. मिटता येत नसेल तर रुमाल धरा. लोचो चांगला होता. शेवटचं वाक्य जयंतभाई काढायला निघाले, तर हसमुखभाई म्हणाले, "रहेवा दो. खरं आहे ते." त्याखाली मी नव्या सभासदासाठी पहिला नियम लिहिला. इथे जे बोलाल ते कुणाला ना कुणाला दिसतं, हे धरून चाला. आबांचं नाव मी खाली घातलं नाही. घालायला हवं होतं असं आता वाटतं, ते वाचून ते खूप हसले असते.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगायला मला शब्द पुरत नाहीत. चौक नुसता उकळत होता. ज्या विषयावर एक अक्षर नको म्हणत होते त्याच विषयावर सगळे लिहू लागले. एकाने लिहिलं, माझा पासवर्ड बायकोचं नाव आहे आणि तो तिलाच माहीत आहे, म्हणजे गुपित कुणापासून आहे तेच कळत नाही. एकाने कबूल केलं, मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. मीनाबेननी मशीनजवळ एक घडी केलेला रुमाल ठेवला. प्लेगच्या साथीच्या दिवसांत साऱ्या शहराने तोंडाला रुमाल बांधले होते, त्यामुळे कुणाला तो नवा वाटला नाही. हसमुखभाई रुमाल धरून टाइप करत तेव्हा त्यांना एकच हात उरे, पण त्यांना लागायचाही एकच. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या ग्राहकांना रोज इशारे पाठवतात, आणि लोक न वाचता पुसून टाकतात. मी सगळे वाचते. मला वाटतं, त्यांत एखाद्या माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलं असतं, की मी असं केलं, तर लोकांनीही वाचलं असतं.

या सगळ्या गजबजाटात पलसाण्याहून मात्र एक अक्षर नव्हतं. देसाईसाहेब चौकात येऊन जात, ते नोंदीत दिसे. वाचत होते, लिहीत नव्हते. रस्त्यावर पतंगाची दोरी रंगवणारे बसले, खांबाखांबांमध्ये गुलाबी मांजा ताणला गेला, संक्रांत जवळ आली. भरत येई, पेटी बघे, पाणी पिई. त्याच्या भावाने दिवसाच्या पाळीचं शेटशी बोलून ठेवलं होतं.

दुपारच्या बॅचबरोबर चौकाची देखभालही माझ्याकडे होती, म्हणून माझ्या पडद्यावर प्रत्येकाच्या पेटीपुढे खूण दिसे, नवीन काही आलंय की नाही, आणि कुणाकडून. एक कळ दाबली तर कुठलीही पेटी उघडता येई. त्या दुपारी बॅच सुटली होती, जयंतभाई शाई आणायला गेले होते, आणि भरतच्या नावापुढे खूण होती. पलसाणा. माझं बोट कळेवर होतं हे मी नाकारत नाही. मनात आलं, नकार असेल तर मी आधी वाचलेला बरा, म्हणजे त्याला हळूच सांगता येईल. मग मी बोट काढलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तो येईपर्यंत तशीच बसले.

तो आला. डोळे लाल, केसांत तंतू. मी म्हटलं, "पेटीत आहे."

तो पाणी न पिता मशीनपाशी बसला. मी माझी खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर साडीच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. मागे कळा वाजल्या, मग थांबल्या. रस्त्यावर कुणीतरी पतंगवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"भरत."

"हं."

"काय लिहिलंय?"

"वाचतोय."

"मोठी आहे का चिठ्ठी?"

"नाही. एकच ओळ आहे."

"मग?"

"परत वाचतोय." खुर्ची सरकली. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "सोमवारपासून कामावर बोलावलंय. तिथे कँटीन नाही म्हणे, डबा घेऊन ये."

तेव्हा मी वळले.